गाडी शहाणी झाली

आमच्या खापर गावात अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून नुसतं बॉनेट उचलून बघा. टपरीवरचा चहा अर्धा व्हायच्या आत तुमच्याभोवती चार माणसं जमलेली असतील. त्यातला एक जण "काय जयं भो?" म्हणून विचारेल आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत दुसरा त्याला उत्तर देऊ लागेल. यात आगाऊपणा नसतो. हा रस्ताच असा आहे, की त्याच्या काठी राहणाऱ्याला गाडीच्या पोटातली माहिती आपोआप होते. इकडे अक्कलकुवा, तळोदा, शहादा. तिकडे थोडं पुढे गेलं की गुजरातची हद्द, मग सागबारा, डेडियापाडा. एमएच ३९ आणि जीजे २२ अशा दोन्ही पाट्यांच्या गाड्या इथून जातात आणि पावसाळा उतरला की दोन्ही राज्यांच्या गाड्या आमच्या खड्ड्यांत सारख्याच आपटतात. त्या बाबतीत भेदभाव नाही.

पंक्चर, तुटलेला पट्टा, फुटलेला रेडिएटरचा पाइप, मोडलेला पाटा यांवर या मंडळींचं चटकन एकमत होतं. दुखणं डोळ्यांना दिसत असतं. मतभेद होतात ते काहीही मोडलेलं नसताना गाडी सुरू होत नाही तेव्हा. मग बराच वेळ आत टॉर्च मारून झाल्यावर कुणीतरी मान हलवून म्हणतं, "वायरिंगचं लफडं दिसतंय." हे वाक्य आलं की समजावं, माहिती संपली, आता गोष्टी सुरू होणार. कुणाच्या मेहुण्याची गाडी सोनगडला अशीच बंद पडली होती, कुणाच्या साडूने तीन मेकॅनिक केले आणि शेवटी लिंबू बांधल्यावर ती चालू झाली.

आमच्या घरी अशी एक उंच, पांढरी, डिझेलची सात आसनी गाडी आहे. सात आसनी हे आरसी बुकावर. महाशिवरात्रीला देवमोगऱ्याच्या जत्रेला याहामोगी मातेच्या दर्शनाला जाताना तिच्यात किती जण बसतात, ते इथे छापून येणं बरं नाही. कंपनीचं नावही सांगत नाही. इतकी वर्षं घरात राहिलेल्या गाडीच्या अब्रूचा प्रश्न आहे.

तिचं दुखणं असं. चावी फिरवली की समोरच्या मीटरमध्ये सगळे दिवे लागायचे, खालून एकदा 'टक' आवाज यायचा आणि पुढे काही नाही. टेप चालू, पंखा चालू, हॉर्न ठणठणीत. पुन्हा चावी, पुन्हा 'टक'. सगळ्यांनी उतरायचं, कुणीतरी रागाने दार आपटायचं, आणि पुढच्या चावीला गाडी अशी गुरगुरत सुरू व्हायची, की आधी झालं तो आपलाच भास असावा. दार आपटायचा मान पुढे पुढे बायकोने स्वतःकडे घेतला. तिच्या मते मी आपटलं की लागू पडत नाही.

जमलेल्या मंडळींचा पहिला निवाडा ठरलेला असे. "हॉर्न वाजतो ना? मग बॅटरी ओके." दुसरा निवाडा, सेल्फ गेला. तिसरा, सीमेपलीकडच्या पंपावर तेल स्वस्त म्हणून टाकी भरून आणलीत, त्यात काहीतरी आलं. या तिसऱ्याला दुजोरा देणारे सगळे जण स्वतः तिथेच तेल भरतात, पण ते असो.

या सगळ्यात गप्प असायचे ते आमचे काका. काकांनी ऐन उमेदीची वर्षं अक्कलकुवा–मोलगी रस्त्यावर काळीपिवळी चालवण्यात घालवली. देवगोई घाटातून जीप वर काढताना आत किती, मागे लोंबकळणारे किती आणि टपावर कोंबड्या धरून किती, हा हिशेब तेही ठेवत नसत. त्या जीपचा सेल्फ महिनोन्‌महिने बंद असायचा आणि त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. जीप उताराला तोंड करून लावायची, की झालं. आमच्या दारासमोरचा रस्ता सपाट, म्हणून ती कायम दुसऱ्याच्या दारात असायची. पहाटे चाकाखालचा दगड काढायचा, गाडी घरंगळायला लागली की दुसरा गियर टाकून क्लच सोडायचा. एक उचकी, एक काळा ढग, आणि ती लागली कामाला. त्या घरातली माणसं खोकत उठायची. त्यांना घड्याळाची गरज पडली नाही.

हे जमायचं, कारण त्या इंजिनाला विजेचं देणंघेणंच फारसं नव्हतं. जर्मनीच्या रुडॉल्फ डिझेलने १८९० च्या दशकात जे इंजिन घडवलं, त्याला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबायची की ती भट्टीसारखी तापते, मग तिच्यात फवारलेलं तेल आपलं आपण पेटतं. पेट्रोलच्या गाडीसारखा प्लग नाही, कॉइल नाही. जुन्या जीपमध्ये तेल फवारणारा पंपही इंजिनाच्याच दात्यांवर फिरायचा. एकदा ती चालू झाली की चावीचा आणि तिचा संबंध संपला. बंद करायलासुद्धा चावी पुरत नसे. डॅशबोर्डखालचा खटका ओढून तेल तोडावं लागायचं, तेव्हा कुठे ती नाइलाजाने थांबायची. काका चावी जीपलाच लावून जेवायला घरी यायचे. कुणी पळवली नाही. पळवायला आधी ढकलावी लागली असती.

ती जीप भोळी होती. कुणीही ढकला, कुठेही ढकला, ती निघायची. आताच्या गाडीला शहाणपण आलंय आणि शहाणपणाबरोबर संशयही आला. चावीत चिप असते. ती ओळखीची निघाली नाही तर गाडी तुम्हाला चोर समजते. क्लच पूर्ण दाबला आहे का, याची ती खात्री करून घेते. इंजिन फिरतंय किती, तापलंय किती, दट्ट्या आहे कुठे, हे सेन्सरने कॉम्प्युटरला सांगायचं, कॉम्प्युटरने इंजेक्टरला हुकूम सोडायचा, मग तेलाचा थेंब सुटणार. या साखळीत कुणी एक जण रुसला की बाकीचे मुकाट बसतात. मायलेज वाढलं, काळा धूर गेला, शेजारी खोकत नाहीत, हे सगळं मान्य. पण काकांच्या जीपने 'आज मन नाही' असं कधी म्हटलं नव्हतं.

होळीला काठी गावाला गेलो होतो. काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते, त्यामुळे आख्खी रात्र जागरण. उजाडल्यावर पेंगुळलेली पोरं, घोंगड्या आणि म्हाताऱ्या असं सगळं गाडीत भरून चावी फिरवली, तर 'टक'. बायकोने एक दार आपटलं, मग दुसरं. मागचंही आपटून झालं. तेवढ्यात रात्रभर नाचून परतणारी पोरं आली. त्यांनी विचारलं नाही, सवरलं नाही, पाठीमागे हात लावले. काकांनी पुढच्या सीटवरून "दुसरा, दुसरा टाक!" म्हणून ओरडायला सुरुवात केली. इतकी वर्षं दाबून ठेवलेली विद्या बाहेर पडत होती. क्लच सोडला आणि गाडी चालू झाली. काका अक्कलकुव्याच्या पुढपर्यंत खुशीत होते. त्यांच्या लेखी शहाणी गाडी पुन्हा माणसांत आली होती.

त्यानंतर मात्र ती वर्कशॉपला न्यावीच लागली. कुठल्या, ते विचारू नका. तिथे पंक्तीला सतरंजीवर गाड्या बसवल्यात असं वाटावं इतकी स्वच्छ फरशी होती. इस्त्रीच्या शर्टातल्या एका मुलाने चावी फिरवली आणि आमची गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मुलीला बघायला पाहुणे आल्यावर हट्टी पोरगी अचानक गुणाची होते, तशी नाही; तिला फक्त मला खोटं पाडायचं होतं. त्याने स्कॅनर लावला. पडद्यावर कोडची रांग आली. ब्रेकचं काहीतरी, एअरबॅगचं काहीतरी, स्टिअरिंगचं काहीतरी. "एवढं सगळं खराब आहे?" मी विचारलं. "कोड दाखवतंय, सर," तो म्हणाला. एक कंट्रोल युनिट बदलून बघू, असा त्याचा सल्ला होता. त्या 'बघू'ची किंमत ऐकून मी गाडी घरी आणली.

पुढे कळलं की स्कॅनर खोटं बोलत नव्हता, त्याला खोटं सांगितलं जात होतं. या सगळ्या छोट्या कॉम्प्युटरांना ठरावीक व्होल्टेज लागतं. ते क्षणभर पडलं की प्रत्येक जण घाबरून आपापल्या खात्याची तक्रार नोंदवून ठेवतो. ते का पडलं, हे कुणीच नोंदवत नाही, कारण ते कुणाचंच खातं नाही. सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आमचं दुखणं शेवटी धरलं ते गावातल्या वायरमनने. पत्र्याची टपरी, बाहेर टायरच्या ढिगावर वाळत घातलेला टॉवेल, आत भिंतीला लोंबणारी लाल, काळी, पिवळी वायर. त्याचं मुख्य हत्यार त्याने स्वतः बनवलेलं. एक होल्डर, त्यात इंडिकेटरचा जुना बल्ब, दोन वायरी. एका वायरीला चिमटा आणि दुसरीला घासून टोकदार केलेली सायकलच्या चाकाची तार. तार जिथे टोचली तिथे टेपचा तुकडा लावायचा, हा त्याचा नेम.

त्याने बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा भुरका बघितला. याला सगळे जण 'कार्बन आला' म्हणतात; कार्बनचा त्याच्याशी संबंध नाही, बॅटरीतलं आम्ल आणि धातू यांची ती करामत. गरम पाणी ओतून त्याने टर्मिनल साफ केलं, तरीही 'टक'. मग त्याने चिमटा बॅटरीच्या मायनसला लावला, तार इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवली आणि बायकोला म्हणाला, "वहिनी, मारा सेल्फ."

चावी फिरली, 'टक' झालं आणि बल्ब लागला.

"हा लागायला नको होता," तो म्हणाला आणि टॉवेल अंथरून गाडीखाली गेला.

गाडीत प्लसची वायर असते, मायनसची परतीची वायर सहसा नसते. परतीचं काम गाडीचं लोखंडच करतं, म्हणजे बॉडी आणि चॅसी. इंजिन मात्र रबराच्या पायांवर बसवलेलं, म्हणून त्याला बॉडीशी जोडणारी एक पट्टी लागते. बॅटरीचा मायनस आणि इंजिन ही दोन टोकं खरं तर एकच मानायची. त्यांच्यामध्ये बल्ब लावला तर तो लागता कामा नये. लागला, म्हणजे परतीचा करंट मध्येच अडला आणि बल्बातून वाट काढू लागला. त्याने वेणीसारखी विणलेली तांब्याची ती पट्टी काढून माझ्या हातात दिली. मधली वेणी चांगली होती. टोकाची वाटी मोराच्या मानेसारखी हिरवी पडली होती, आणि बोल्टखाली आमच्या रस्त्याचा चिखल वाळून बसला होता.

हिशेब साधा आहे. भरलेल्या बॅटरीत १२.६ व्होल्ट असतात. हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब ५ अँपिअरसुद्धा घेत नाही, पण डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ २०० अँपिअर किंवा त्याहूनही जास्त ओढतो. वाटेत ओहमचा शंभरावा भाग इतका जरी अडथळा आला, तरी २०० अँपिअरला तिथेच २ व्होल्ट जातात. गंज वाढला की सेल्फच्या वाट्याला फिरण्याइतकं काही उरत नाही. खापरच्या बोळातून एकटा माणूस सहज जातो, वरात मात्र बँडसकट अडकते, तसं. म्हणून हॉर्न वाजतो, दिवे लागतात, टेपवर गाणं चालू राहतं आणि गाडी जागची हलत नाही. चौकातला तो निवाडा, 'हॉर्न वाजतो म्हणजे बॅटरी ओके', बहुधा बरोबरच होता. त्याच्यापुढे कुणी विचार केला नव्हता इतकंच. आणि दार आपटल्यावर हादऱ्याने वाटी कणभर सरकायची, धातूला धातू लागायचा. हे ऐकल्यावर बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर घरात अजून आहे.

पॉलिश पेपरने घासून, तेराच्या पान्याने आवळून, वर ग्रीस चोपडून त्याने पट्टी बसवली. चावी फिरवली तर सेल्फचा आवाजच वेगळा. पैसे किती म्हटल्यावर तो म्हणाला, "बोल्ट नवा टाकला त्याचे, आणि टॉवेल धुवायला लागेल त्याचे."

बायकोला मी बर्था बेंझची गोष्ट सांगितली. ऑगस्ट १८८८ मध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन, त्यानेच बनवलेल्या तीन चाकी गाडीतून मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला गेली. शंभरावर किलोमीटर. मोटारीचा जगातला हा पहिला लांबचा प्रवास, आणि तो कौटुंबिक होता. वाटेत तेलाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीच्या वायरचं आवरण झिजलं, तिथे तिने मोज्याचा रबरी बंद गुंडाळला. म्हणजे घरच्या गाडीतलं वायरिंगचं पहिलंवहिलं लफडं एका आईने, रस्त्यात, अंगावरच्या वस्तूंनी मिटवलं. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि नवरा?" नवरा, म्हणजे कार्ल बेंझ, घरी होता. "वाटलंच," ती म्हणाली.

मग मी तिच्या चावीच्या जुडग्याकडे वळलो, तेही विषय बदलण्यासाठी नाही असं नाही. त्या जुडग्यात गाडीची एक चावी आणि घराच्या, कपाटाच्या, कोठीच्या, माहेरच्या कपाटाच्या अशा बाकीच्या. शिवाय देवीचं पदक आणि एक गोंडा. २०१४ साली अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने सुमारे २६ लाख गाड्या माघारी बोलावल्या. त्यांचा इग्निशन स्विच इतका सैल होता, की जुडग्याच्या वजनाने किंवा हिसक्याने चालत्या गाडीत चावी मागे सरकायची, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही उघडायची नाही. १२४ मृत्यूंची भरपाई कंपनीच्या निधीतून द्यावी लागली. मालकांना सांगितलं गेलं की दुरुस्ती होईपर्यंत चावी एकटीच ठेवा, जुडग्यात नको. त्याच वर्षी क्रायस्लरने जीप ग्रँड चेरोकी आणि जीप कमांडर या मॉडेलच्या सुमारे ७ लाख ९२ हजार गाड्यांना बोलावणं धाडलं, कारण तिथे चालवणाऱ्याचा गुडघा लागून चावी सरकू शकत होती. काकांच्या हातूनही एक कमांडर गेलेली. ती महिंद्राची, अमेरिकेतल्या त्या कमांडरशी नावापलीकडे नातं नाही. "गुडघ्याने?" काकांनी विचारलं. "आमच्या मांडीवर तर माणूस बसायचा."

जुडगं हलकं झालं. गोंडा राहिला.

एवढ्यावर गाडी सुधारली असं मानायला हरकत नव्हती, पण दिवाळीच्या सुमारास उजवा इंडिकेटर दिला की वायपर हलू लागला. यावेळी उंदीर निघाला. कपाशी आणि ऊस निघाले की शेतातले उंदीर ऊब शोधत गावात येतात, आणि नुकतंच बंद केलेलं इंजिन त्यांना फार आवडतं. वायरीच्या आवरणात सोयाबीनचा अंश असतो म्हणून उंदीर ती खातात, असं म्हणत अमेरिकेत लोक कोर्टातही गेले. होंडा कंपनी तर वायरीवर गुंडाळायला मिरचीतल्या तिखट द्रव्याची टेप विकते. हे वाचून मला आमच्या जिल्ह्याबद्दल उगीच अभिमान वाटला. नंदुरबारबाहेर पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली असते तेव्हा रस्त्याने जाणारा माणूस बंद काचेआडही शिंकतो. टेपची काय कथा. मी वायरमनला म्हटलं, वायरीवर मिरचीपूड आणि तेल चोपडून बघू. तो तुटक्या वायरीला टेप गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, "सर, हा इथलाच उंदीर आहे. ठेचा खाऊन मोठा झालाय."

आता पुतण्याच्या डोक्यात विजेवर चालणारी गाडी आहे. त्याने काकांना मोबाइलवर दाखवली. इंजिन नाही, गियर नाही, तेल नाही, धूर नाही. खाली सगळ्या तळभर बॅटरी. काकांनी नीट ऐकलं आणि विचारलं, मग जुनी छोटी बॅटरी गेली ना? पुतण्या जरा अडखळला. गेली नाही, या गाड्यांतही बहुतेक ठिकाणी १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी असतेच. दारं उघडणं, कॉम्प्युटर जागा करणं, मोठ्या बॅटरीचा स्विच जोडणं ही कामं तिची. ती बसली तर मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी उठत नाही.

"आणि ढकलून?"

"ढकलून चालू होत नाही, काका."

काका बराच वेळ फोटो बोटांनी मोठा करून बघत होते. मग त्यांनी फोन परत दिला.

"घे," ते म्हणाले. "पण शोरूमवाल्याला विचार, उतारावर लावली तर चालेल का."